बाजेखालचं लोखंड

रुद्राणीनं बाजेखाली हात घातला, विळ्याची मूठ चाचपून धरली आणि डोळे मिटूनच तो बाहेर ओढला. पातं जमिनीवर खरकन घासलं. झोळीत बाळ हललं. ती जागच्या जागी थिजली. बाळ पुन्हा निजलं, तसा तिनं विळा जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळला, मेलेला उंदीर शेपटीला धरून न्यावा तसा अंगापासून हातभर लांब धरला आणि माजघर ओलांडून कणगीपाशी गेली.

कणगी रिकामी होती. त्या साली बोरजवळग्यातल्या सगळ्याच कणग्या रिकाम्या होत्या. उंदरांनीसुद्धा बिऱ्हाडं हलवली आणि लेकुरवाळ्या उंदरिणी एसटीच्या टपावर बसून निलंग्याकडं गेल्या, असं गावात सांगत. विळा तळाशी जाऊन पडला तेव्हा आवाज फार खोलातून आला.

परत येऊन ती बाजेवर बसली, दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर अंगाचा सगळा भार टाकला. हात बधिर होईपर्यंत ती अशीच बसत असे. बधिर झाले की जरा बरं वाटायचं.

बाळ चोवीस दिवसांचं होतं.

विळा काही कुणा वैऱ्यानं ठेवलेला नव्हता. पाचव्या दिवशी लेकराच्या कपाळावर नशीब लिहायला सटवी येते. पण काही घरांतून ती रिकाम्या हातानं परत जात नाही, असं जुन्या बाया म्हणतात. म्हणून बाळंतिणीच्या बाजेखाली लोखंड ठेवायचं. लोखंडाला सटवी भिते. पुढं सव्वा महिन्यानं बाळंतीण बाळाला घेऊन विहिरीवर जाते, काठाशी वाकून त्याचं तोंड पाण्याला दाखवते, हळदकुंकू वाहते. त्याला पाणी पुजणं म्हणतात. पाणी पुजलं की बाळंतपण उठलं आणि बाजेखालचं लोखंडही निघालं.

रुद्राणीची सासू कमलम्मा ही रीत श्वासासारखी पाळणारी. उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असे ठसठशीत की अंधारातही ती कुठं उभी आहे ते कळावं. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरचं. पण रुद्राणीच्या माहेरची, देगलूरकडची, विहीर पौषातच आटली. तिचा भाऊ येऊन उंबऱ्यावरूनच सांगून गेला, "अक्काला इथंच राहू द्या. तिकडं बाळुत्यं धुवायला बी पाणी न्हाई." कमलम्मा म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. सून काय आन लेक काय." आणि तिनं खरंच काही कमी केलं नाही. डिंकाचे लाडू केले, शेक दिला, अंगाला तेल लावलं. फक्त दुपारी तिला पाण्याला जावं लागे, दीड कोसावरच्या ओढ्यात, झऱ्याशी रांग लावून. जायला-यायला तीन तास. ते तीन तास रुद्राणी आणि बाळ दोघंच घरात असत.

बाराव्या दिवशी नाव ठेवलं, बाया जेवून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी याच तीन तासांत ते झालं. झालं म्हणजे काही झालं नाही. ती बाळाला पाजत होती आणि तिच्या मनात आलं, बाजेखाली विळा आहे. एवढंच. मग मनात आलं, आपला हात खाली जाईल. आपल्याला नको असताना जाईल. तिनं बाळ झोळीत ठेवलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. बाळाच्या दंडाला जंगमस्वामींनी बांधलेलं लिंग होतं, रेशमी चिंधीतलं. लांबूनच तिनं त्याला हात जोडले. पण ते मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी आलं, तिसऱ्या दिवशी कमलम्मा घरात असतानाही आलं. झोप गेली. डोळा लागायचा तोच आपला हात कुठं आहे हे बघायला ती दचकून उठे. मग तिनं विळा काढून टाकायला सुरुवात केली.

"इळा कुठाय?" कमलम्मानं पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"मला न्हाई ठाव."

कमलम्मानं घर पालथं घातलं. विळा चुलीमागच्या राखेत सापडला. तिनं तो धुऊन परत बाजेखाली ठेवला. पुन्हा नाहीसा झाला, पुन्हा सापडला. आता चौथ्यांदा तो कणगीच्या तळाशी निघाला, तेव्हा कमलम्मा त्याच्याकडं बराच वेळ बघत उभी राहिली. माणसानं विळा कणगीत कशाला टाकावा? आणि घरात माणूस तरी कोण? एक बाळ, आणि एक बाळंतीण. कुठली आई आपल्या लेकराची राखण आपल्या हातानं काढून टाकील?

तिनं विभूतीचे पट्टे पुन्हा ओढले.

"आलीय," ती हलकेच म्हणाली. "इळ्याला भीत न्हाई म्हणजे मोठी दिसतीय."

त्या दिवशी बाजेखाली कोयता आला.

कोयता दुसऱ्या दिवशी माळ्यावर सापडला, तेव्हा कुऱ्हाड आली. कुऱ्हाड गोठ्यातल्या गव्हाणीत निघाली, तेव्हा पहार आली. दुष्काळानं शेतातली कामं बंद होती. घरातलं सगळं लोखंड बसूनच होतं, त्याला निदान बाजेखाली काम मिळालं. पहार नेताना रुद्राणीला मधे दोनदा टेकावं लागलं. शेवटी पहार जवळच्या रिकाम्या रांजणात उभी सोडून ती परत आली. कमलम्मा पाण्याचा हंडा उतरवून रांजणापाशी गेली आणि आत पहार उभी बघून तिच्या हातातला तांब्या सुटला.

गावात ही गोष्ट पोचायला तांब्याचा आवाज विरेपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. शेजारची केवळाबाई तर शपथेवर सांगे की विळा मारुतीच्या पाराकडं आपल्या पायानं चालत जाताना तिनं पाहिलाय. विळ्याला पाय किती होते, असं कुणी विचारलं, तर म्हणाली, "पदर आडवा आला, मोजता आले न्हाईत." रामकिशन लोहाराकडं खिळे विकत घ्यायला बाया येऊ लागल्या. ज्या घरात दहा वर्षांत लेकरू झालं नव्हतं, त्या घरातही बाजेखाली खिळा गेला.

मग कमलम्मानं नांगराचा फाळ काढून आणला. दोन हातांनी पोटाशी धरून आणला आणि रुद्राणीच्या उशाच्या बरोबर खाली ठेवला.

"आता बघू कशी नेती ती," असं म्हणून तिनं रुद्राणीच्या डोक्यावरून हात फिरवला. "भिऊ नको पोरी. मी हाय."

रुद्राणी 'हं' म्हणाली. ती जेवढं बाहेर नेई, त्याहून मोठं आत येत होतं.

रविवारी नवरा आला. गुरुपादप्पा लातूरच्या आडतीत मुनीम होता, आठवड्यातून एकदा येई. फाळ बघून तो हसला. बाळाच्या तळव्याला बोट लावून बघितलं, आईनं वाढलेलं जेवला, आणि हात धुवायला वाटीभर पाणी घेऊन मागच्या दारी गेला. रुद्राणी त्याच्या मागं गेली.

"मला भ्या वाटायलंय," ती म्हणाली.

"कशाचं?"

तिनं तोंड उघडलं. हातांकडं बघितलं. हात लुगड्याच्या निऱ्यांत होते.

"सगळ्याचं."

"सगळ्यालाच वाटायलंय," तो म्हणाला. "आमच्या आडतीत येऊन बघ, मालक भिंतीकडं तोंड करून बसायलाय. ह्या पावसाळ्यात होईल सगळं सरळ." त्यानं उरलेलं पाणी तुळशीला घातलं, म्हणजे तुळशीच्या काडीला घातलं, आणि दुपारच्या एसटीनं परत गेला. माणूस वाईट नव्हता. ऐकण्याआधीच उत्तर देण्याची सवय तेवढी आडतीतली होती.

गुरुवारी नर्सबाई आल्या. पंचशीलाबाई दोन गावं पलीकडच्या उपकेंद्रात होत्या. निम्मी वाट एसटीनं, निम्मी पायी. पिशवीत काटा, काट्याला अडकवायची झोळी, आणि छत्री. आभाळात ढगाचं बोटूकही नसताना त्या छत्री बाळगत, म्हणून गावातली म्हातारी माणसं त्यांच्याकडं आशेनं बघत.

बाजेखाली वाकून त्यांनी फाळ बघितला.

"मावशी, लोहाराचं दुकान टाकायलाव का?"

"हसू नका बाई," कमलम्मा म्हणाली. "तुम्हाला ठाव न्हाई आमच्या घरात काय चाललंय."

बाळाचं वजन बरं भरलं. नर्सबाईंनी त्याला काट्याच्या झोळीतून काढलं आणि रुद्राणीपुढं धरलं. रुद्राणीचे हात पुढं आले नाहीत. क्षणभर बाळ मधेच राहिलं. मग कमलम्मानंच घेतलं.

नर्सबाईंची नजर रुद्राणीच्या डाव्या मनगटावर गेली. तिथं तांबूस वळ होता, काकणांच्या खाली, बारीक दोरी घट्ट बांधल्यासारखा. रुद्राणीनं पदर ओढला. दुपारी ती लुगड्याची किनार फाडून हात बाजेच्या खुराला बांधून ठेवत होती.

"मावशी, जरा पाणी उकळून देता का? वाटीभरच. हात धुवायचेत."

कमलम्मा बाळाला खांद्यावर टाकून चुलीकडं गेली. नर्सबाई काट्याची झोळी घडी करत बसल्या. घडी चांगली झाली होती, तरी मोडून पुन्हा करू लागल्या.

"नायगावला होते मी पहिल्यांदा," त्या झोळीकडंच बघत म्हणाल्या. "तिथं एक बाई होती. बाळंत झाली आन चुलीपाशी जाईना. का, तर म्हणे चुलीपाशी गेले तर माझ्या हातून लेकराला काहीतरी होईल. नवऱ्याला वाटलं कामाला भितीय. सासूला वाटलं बाहेरचं लागलंय. बाईला वाटलं, जगात असं फक्त आपल्यालाच होतंय, आन आपण लई वंगाळ."

रुद्राणीनं पदराखालचं मनगट दुसऱ्या हातानं धरलं.

"मग?" तिनं विचारलं.

"मग काय. आधी झोपवली तिला. लेकरू सासूनं सांभाळायचं, पाजायला तेवढं आणून द्यायचं. एकटं सोडायचं न्हाई. मग मोठ्या दवाखान्यात नेऊन डॉक्टरला दाखवलं, गोळ्या दिल्या त्यानं. ताप उतरतो तसं उतरलं हळूहळू."

"आन लेकरू?"

"लेकरू आता शाळेत जातंय. मास्तरला चावतंय." घडी पिशवीत गेली. "मला दहा बायांतल्या चार-पाच जणी सांगतात असं काहीबाही मनात येतं म्हणून. ज्या इतक्या भितात, त्या करीत न्हाईत. पण एकटीनं धरून बसलं की ते वाढतं. मला सांगायचं असलं तर मी हाय. न्हाईतर घरात एकाला तरी सांगा."

रुद्राणीच्या ओठांशी आलं होतं. तेवढ्यात कमलम्मा पाणी घेऊन आली. नर्सबाईंनी हात धुतले आणि जाताना छत्री उघडत म्हणाल्या, "पुढच्या गुरवारी येते. त्याच्या आधी काय लागलं तर निरोप धाडा. मध्यरात्री धाडला तरी येईन."

एक गुरुवार गेला होता आणि दुसरा यायचा होता. मधे सव्वा महिना भरत होता.

विहिरीत पाणी नव्हतं, हीच एक सुटका होती. कोरड्या विहिरीला पाणी पुजायला कोण नेईल? लातूर जिल्हा झाला त्याचा हा दुसरा उन्हाळा. पाट्यांवरचा रंग नवा होता, जीपगाड्या नव्या होत्या, साहेब नवे होते. दुष्काळ तेवढा जुना. टँकर एक आणि गावं तीस, त्यामुळं बोरजवळग्याची पाळी कधी येईल ते सांगता येत नव्हतं. एकदा टँकर फाट्यापर्यंत आला, वाटेत म्हशींनी त्याचा वास घेतला आणि त्याला घेराव घातला, असं म्हणतात. सारा गाव सकाळी उठून वाटेकडं हात जोडायचा.

एक रुद्राणी तेवढी हात जोडून उलटं मागायची. टँकर येऊ देऊ नको. विहिरीचा कठडा गुडघ्याइतका होता. लग्न होऊन आली तेव्हा ती त्यावर बसून हसली होती. आता तिला डोळे मिटले की तो कठडा दिसे, आणि आपण वाकलोय, आणि आपल्या हातात बाळ आहे. पण पाणी आलं नाही तर फाळ निघायचा नाही. पाणी आलं नाही तर आत्याबाई रोज तीन तास घराबाहेर. मागावं तरी काय? घशाला कोरड पडलेल्या साऱ्या गावाविरुद्ध आपण देवाला साकडं घालतोय, हे कळलं तर लोक काय करतील? बाहेर केवळाबाईची म्हैस हंबरली की तिला वाटे, हिला कळलंय.

मंगळवारी सकाळी दहा वाजता टँकर आला.

आधी धूळ आली, मग पोरं आली, मग भोंगा. घागरी, कळश्या, पत्र्याचे डबे, एका घरातून तर पाळणाच पाण्याला निघाला. आणि एवढ्या धांदलीत सगळ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवली होती. कमलम्मानं गावाला बजावलंच होतं: पाणी पुजल्याशिवाय ही सटवी जायची नाही, आणि माझ्या घरातनं गेली तर तुमच्याकडं येईल. चालत्या विळ्याचं नाव निघताच बायांनी आपणहून वाट सोडली. पहिला मान बाळंतिणीचा.

कमलम्मानं रुद्राणीला नवं लुगडं नेसवलं, डोक्याला फडकं बांधलं, आणि बाळ तिच्या हातात दिलं. रुद्राणीनं ते इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं.

"सैल धर की. पळून चाललंय व्हय ते?"

वाटेवर दोन्ही बाजूंना बाया उभ्या. कुणी गाणं म्हणायला लागलं. टँकरची नळी विहिरीत सोडलेली, पाणी खाली तळावर आपटून घुमत होतं. चाळीस पावलं राहिली. तीस. हात गार पडले; आपले हात कुठं संपतात आणि बाळ कुठं सुरू होतं ते तिला कळेना. वीस. बायांनी दोर आणि पोहरे मागं घेतले, कठडा मोकळा केला. दहा पावलांवर नव्या लुगड्यासकट ती धुळीत बसली.

गाणं थांबलं.

"उठ," कमलम्मा वाकून म्हणाली. "लोक बघायलेत."

"आत्याबाई, बाळ घ्या."

"पूजा झाल्यावर घेते."

"आत्ता घ्या."

तिच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक. कमलम्मानं बाळ घेतलं. हात रिकामे झाले तशी रुद्राणीनं ते लगेच मांडीखाली घातले.

"इळा मी काढत होते."

कमलम्मानं बाळ खांद्यावर घेतलं.

"कोयता?"

"मीच."

"पहार?"

"मीच उभी केली रांजणात."

"फाळ बी?" कमलम्माला सगळं सोडून तेवढंच नवल वाटल्यासारखं दिसलं. "आगं फाळ! बाळंतीण तू. उचलला कसा?"

"फाळ न्हाई उचलला. आजून तिथंच हाय. काल ओढून बघितला, सरकला न्हाई." रुद्राणीला दम लागला होता. "मला भ्या वाटतं आत्याबाई. माझ्या हाताचं. बाळाला काय करतील म्हणून. मला करायचं न्हाई काय. पण मनात येतं. सारखं येतं. आन आता विहीर..."

मागून कुणीतरी ओरडलं, "आगं पाणी मुरायलंय!" आणि दुसऱ्या कुणीतरी तिला गप्प केलं.

"कवापासून?" कमलम्मानं विचारलं.

"बाराव्यापासून."

"बाराव्यापासून," कमलम्मा म्हणाली. बाळाला तिनं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. पदराचं टोक तिच्या तोंडाशी गेलं आणि तिथंच राहिलं. "आन मी रोज मोठं आणून ठेवत होते."

रुद्राणी मान खाली घालून वाट बघत होती. आता आत्याबाई ओरडेल. आता सगळ्यांना कळेल. भगताला बोलावतील, बाळ नेतील, भावाला निरोप जाईल की घेऊन जा हिला. धुळीत समोर कमलम्माच्या टाचा दिसत होत्या, दीड कोसाच्या वाटेनं भेगाळलेल्या. त्या टाचा वळल्या.

"काय झालं गं?" केवळाबाई पुढं येत म्हणाली.

"काटा गेलाय पायात," कमलम्मा म्हणाली.

"मग काढ की भैन, अर्धं पाणी मुरलं!"

"मुरू दे. केवळे, तू एक पोहरा काढ आन इकडं आण."

"इकडं? आगं पण बाळाचं तोंड वाकून दाखवायचं असतंय..."

"ते तुमच्यात. आमच्या माहेरी, भालकीला, विहीर बाळंतिणीकडं येती."

भालकीला कुणीच गेलेलं नव्हतं. केवळाबाईनं पोहरा आणला. कमलम्मा त्या गर्दीत, त्या उन्हात, सुनेशेजारी धुळीत मांडी घालून बसली. बाळ तिच्याच मांडीवर होतं. पोहऱ्यातल्या गढूळ पाण्याला तिनं बाळाचं तोंड दाखवलं, हळदकुंकू वाहिलं, आणि रुद्राणीच्या खांद्याला आपला खांदा लावून म्हणाली, "झालं. काढा गं पाणी." त्यानंतर विहिरीवर जे झालं त्याला लढाई म्हणतात, पण या दोघी तेव्हा घराच्या वाटेला लागल्या होत्या.

घरी आल्यावर कमलम्मानं फाळ ओढून बाहेर काढला. मग कोपऱ्यातला विळा, कोयता, कुऱ्हाड, पहार, अडकित्तासुद्धा उचलला, आणि सगळं गोठ्याच्या खोलीत टाकून कडी लावली. रुद्राणी भिंतीशी उभी राहून बघत होती.

"हात दाखव."

तिनं मनगटं पुढं केली. कमलम्मानं वळावर खोबरेल तेल लावलं. बाळंतपणात सगळ्या अंगाला तिनं तेल चोळलं होतं. हात तेवढे रुद्राणी ओढून घ्यायची.

"हे मला कळत न्हाई," ती तेल चोळता चोळता म्हणाली. "सटवीचं कळतं. हे न्हाई कळत. भ्या मला बी वाटायलंय."

रुद्राणीचे डोळे भरले.

"नर्सबाई म्हणल्या होत्या, दवाखान्यात दाखवायचं. लातूरला. आन झोपायचं."

"बाईला कळलं आन मला न्हाई कळलं." कमलम्मानं तेलाची वाटी बाजूला सारली. "सकाळची पहिली एसटी. वाटेत नर्सबाईला घेऊ. गुरप्याला आडतीतून उठवते, त्याला बी बसू दे डॉक्टरपुढं, ऐकू दे जरा. आता तू पड."

"बाळ?"

"माझ्यापाशी. रडलं की आणते पाजायला. मी धरते, तू पाज."

"आन रोज पाण्याला..."

"पाण्याला केवळी जाईल. मी कुठं जात न्हाई."

"आत्याबाई, लोक काय म्हणतील?"

बाळाला घेऊन कमलम्मा बाहेर ओट्यावर जाऊन बसली. दार उघडंच ठेवलं. रुद्राणी बाजेवर आडवी झाली. बाजेखाली आता नुसती जमीन होती; तिनं दोनदा वाकून बघितलं. छातीतली धडधड काही थांबत नव्हती. ते मनात येणंही थांबलं नव्हतं, आलंच. पण आता दारातून कमलम्माची पाठ दिसत होती, अर्धी चौकट भरून.

ऊन उतरू लागलं तेव्हा केवळाबाई आली. ओल्या लुगड्यानं, दोन घागरींच्या विजयानं, आणि दिवसभर पोटात धरलेल्या प्रश्नानं.

"कमलम्मा, खरं सांग. काटा न्हवता ना? काय म्हणली गं ती तुला तिथं बसून? लोखंड कोण नेत होतं?"

आत रुद्राणीनं ते ऐकलं. ही एक गोष्ट केवळाबाईच्या तोंडात पडली तर संध्याकाळपर्यंत औराद, रात्रीपर्यंत देगलूर. ती उठून बसली. दाराची चौकट, कमलम्माची पाठ. पाठ हलत नव्हती.

"सटवीच होती," कमलम्मा म्हणाली. "मी बघितली."

"अय्या! कधी?"

"मघाशी. विहिरीवर. माझ्या सुनेला आधी दिसली, म्हणून बसली ती खाली. मग मला दिसली."

"कशी होती?"

कमलम्मानं जरा वेळ घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच करत असलेल्या कामाला माणूस घेतं तेवढा.

"उंच," ती म्हणाली. "लिंबाएवढी. केस मोकळे, आन ओठ असे फाटलेले. म्हणली, बाई, मला तुझं लेकरू नको. लोखंड चाटत होते मी, गारव्यासाठी. तीन गावांत पाणी मिळालं न्हाई मला."

"आगं माय! मग?"

"मग काय. पोहऱ्यातलं दिलं ओंजळभर. डोळ्याला पाणी आलं तिच्या. म्हणली, जाते मी आता मुखेडाला. पण पायी कशी जाऊ, लई थकले. म्हणलं, फाट्यावर जा, साडेपाचची एसटी हाय."

"आन गेली?"

"जायचीच की. पण एसटीला ही गर्दी. कंडक्टर म्हणला, बाई, केस बांध आधी..."

रुद्राणी बाजेवर पुन्हा आडवी झाली. बाहेर केवळाबाई मधेमधे 'हं, हं' करत होती, कमलम्माचा आवाज अडखळत, मग न अडखळता पुढं चालला होता, आणि तिच्या मांडीवर बाळ बहुतेक तोच आवाज ऐकत गप्प होतं. सटवीला एसटीत बसायला जागा मिळाली की उभ्यानंच जावं लागलं, ते रुद्राणीला कळलं नाही. तिला झोप लागली होती.